जॅक-टू पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार घराण्यात आला असं नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. वडील ६३ वर्षांचे, डोंबिवलीला राहतात. डोकं जड राहतं म्हणून सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) केला तर हिमोग्लोबिन १८.९, पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्का) ५७, पांढऱ्या पेशी १३,४०० आणि प्लेटलेट ६ लाख २० हजार. परळला रक्तविकारतज्ज्ञांनी जॅक-टू तपासणी करायला लावली, ती 'पॉझिटिव्ह, ३८ टक्के' आली. निदान पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे मज्जेत रक्तपेशी, विशेषतः तांबड्या, गरजेपेक्षा जास्त बनण्याचा आजार. दोनदा पिशवीभर रक्त काढून झालंय. आणि 'जनुकातला दोष' हे दोन शब्द घरात शिरल्यापासून बहिणीच्या ठरलेल्या लग्नाची सगळ्यांना धास्ती वाटतेय. तुम्ही दोघांनी तपासणी करून घ्यावी का, सासरच्यांना सांगावं का, हे तुम्ही विचारलंय. शिवाय आईची वेगळी तक्रार आहे: रक्त काढलं म्हणून अळिवाचे लाडू केले, तर डॉक्टर ओरडले.

मी मुंबईतच रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करते. अशा रिपोर्टांवर सही करणं हा माझा रोजचा उद्योग. तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे औषधाचा शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण जॅक-टूच्या रिपोर्टावरून घराघरांत जो घोळ होतो तो मी इतक्या वेळा पाहिलाय, की त्याबद्दल मोकळेपणाने सांगू शकते.

घोळाचं मूळ भाषेत आहे. आपण 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. जनुकात बिघाड झाला म्हणजे तो बापाकडून आला आणि लेकराकडे जाणार, असं ऐकणारा गृहीत धरतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पहिला शब्द लागू आहे, दुसरा नाही. का, ते समजायला हे जनुक काय करतं ते आधी बघावं लागेल.

जॅक-टू हे जनुक नवव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर असतं आणि ते सगळ्यांकडे असतं. 'मला जॅक-टू आहे का?' असं लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, हो, दोन आहेत, एक आईकडचं आणि एक बाबांकडचं. ते नसतं तर आपण जन्मालाच आलो नसतो. १९९८ साली उंदरांमध्ये हे जनुक काढून टाकून पाहिलं, तेव्हा पिल्लं गर्भातच दगावली, कारण त्यांच्यात तांबड्या पेशी धड तयारच होईनात. या जनुकावरून ११३२ अमिनो आम्लांचं एक एन्झाइम बनतं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. ते कायनेज जातीचं, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं. हे फॉस्फेट चिकटवणं हीच पेशीची निरोप देण्याची भाषा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू विल्क्स यांना ही एन्झाइमं सापडली तेव्हा अशी कायनेजं ढिगाने निघत होती, म्हणून 'जॅक' म्हणजे 'जस्ट अनदर कायनेज', आणखी एक कायनेज, असं थट्टेने म्हटलं जायचं. पुढे रोमन लोकांच्या दोन तोंडांच्या जेनस देवाचं नाव त्याला जोडलं गेलं, कारण या प्रथिनालाही शेजारीशेजारी दोन सारखे दिसणारे भाग असतात. एक भाग खरं काम करतो. दुसरा दिसायला तसाच, पण तो पहिल्याला आवरून धरतो. ही दुसऱ्याची गोष्ट लक्षात ठेवा.

आता अस्थिमज्जेत चला. मूत्रपिंडाला प्राणवायू कमी पडतोय असं जाणवलं की ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते मज्जेतल्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकावर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर, येऊन बसतं. ग्राहकाच्या आतल्या टोकाला जॅक-टू चिकटून बसलेलंच असतं. बाहेर संप्रेरक बसलं की आतली दोन जॅक-टू एकमेकांना जागं करतात, ग्राहकाच्या शेपटावर फॉस्फेट लावतात, मग स्टॅट नावाचं प्रथिन तिथून निरोप उचलून केंद्रकात जातं आणि सांगतं की तांबड्या पेशी वाढवा. संप्रेरक सुटून गेलं की सगळं शांत.

दारावरची बेल डोळ्यांपुढे आणा. कुणी बटण दाबलं की घरात वाजते, बोट काढलं की थांबते. पण जुलैच्या पावसात चाळीच्या जिन्यातल्या बटणात ओल जाते आणि बेल आपोआप वाजायला लागते. दार उघडावं तर बाहेर कुणीच नाही. वडिलांच्या रक्तपेशींत नेमकं हेच झालंय. जॅक-टूमधल्या ६१७ व्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असायला हवं तिथे फिनाइलअॅलॅनिन आलंय. रिपोर्टावरचं 'व्ही ६१७ एफ' ते हेच. जनुकात बदल फक्त एका अक्षराचा, १८४९ व्या जागी जी च्या ऐवजी टी. पण ही जागा नेमकी त्या आवरून धरणाऱ्या भागात येते. लगाम सुटला आणि एन्झाइम विनानिरोप काम करत राहिलं. तुमच्या वडिलांची एरिथ्रोपोएटिनची पातळी तपासली असेल तर ती बहुधा कमी आलेली दिसेल. बेल वाजतेय, पण दारात कुणी नाही.

आणखी एक गोष्ट यातून उलगडते. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींना बोलावणाऱ्या ग्राहकांच्या मागेही हेच जॅक-टू बसलेलं असतं. म्हणून वडिलांच्या तिन्ही पेशी वाढलेल्या आहेत. सिगारेटमुळे किंवा झोपेत श्वास अडकण्याच्या त्रासामुळे रक्त दाट होतं तेव्हा बहुतेक वेळा फक्त तांबड्या पेशी वाढतात आणि एरिथ्रोपोएटिन कमी नसतं. तिथे खरोखरच कुणीतरी दारात उभं असतं.

२००५ साली हा बदल सापडला, आणि तोही काही महिन्यांच्या अंतराने चार वेगवेगळ्या गटांना: पॅरिसकडे व्हेंशेंकर, बाझेलला स्कोडा, केंब्रिजला ग्रीन आणि बॉस्टनला गिलिलँड. मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षण घेत होते. त्याआधी या आजाराचं निदान म्हणजे वजाबाकी असायची: फुप्फुसं ठीक, हृदय ठीक, सिगारेट नाही, मग असेल बहुतेक. आजाराचं पहिलं वर्णन व्हाके या फ्रेंच डॉक्टरने १८९२ साली केलं, आणि कारण कळायला शंभरहून जास्त वर्षं गेली. आता एका ट्यूबमधल्या रक्तावर ते कळतं. पॉलिसायथेमिया व्हेराच्या साधारण ९५ टक्के रुग्णांमध्ये हाच बदल सापडतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. हा बदल वडिलांना त्यांच्या आईवडिलांकडून मिळालेला नाही. तो त्यांच्या मज्जेतल्या एका मूळपेशीत, कधीतरी, पेशी दुभंगताना झालेल्या नकलेच्या चुकीतून आला. ती एक पेशी वाढली, तिची पिल्लावळ वाढली आणि आज रक्ताचा मोठा हिस्सा तिचाच आहे. ३८ टक्के हा आकडा हेच सांगतो. जनुकाच्या शंभर प्रती मोजल्या तर ३८ बिघडलेल्या आणि ६२ साबूत. जन्मजात दोष असता तर तो शरीरातल्या प्रत्येक पेशीत, दोनपैकी एका प्रतीत असता आणि आकडा पन्नासच्या आसपास घुटमळला असता. पण नुसत्या आकड्यावरही भरवसा ठेवू नका. याच आजारात काही पेशींमध्ये दोन्ही प्रती बिघडलेल्या होतात आणि टक्का पन्नासच्या वरही जातो. तो वाढला म्हणजे आजार आनुवंशिक झाला असं नव्हे. मुळात व्ही ६१७ एफ हा रक्तपेशींतच होणारा बदल. वडिलांच्या शुक्रपेशींत तो नाही, मग तुमच्यात येणार कुठून?

हा बदल झाला कधी, याचं उत्तर ऐकून मलाही आश्चर्य वाटलं होतं. २०२२ साली केंब्रिजच्या संशोधकांनी रुग्णांच्या एकेका मूळपेशीची वंशावळ लावून पाहिली. झाडाची वर्तुळं मोजावीत तशी त्यांनी पेशींमधल्या चुका मोजल्या. काही रुग्णांमध्ये ही चूक बालपणी, तर काहींमध्ये आईच्या पोटात असतानाच झाली होती, आणि आजार दिसला कित्येक दशकांनी. म्हणजे 'बाबांनी तब्येतीची हेळसांड केली', 'डोंबिवलीच्या कारखान्यांचा धूर' वगैरे जे घरात चाललं असेल, त्यातून त्यांना मोकळं करा.

इथे एक 'पण' आहे, तो लपवत नाही. ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना हा आजार आहे, त्यांना असा आजार होण्याची शक्यता इतरांच्या पाच ते सात पट असते, असं स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींवरून दिसलंय. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण मूळ प्रमाणच वर्षाला लाखात एक-दोघांचं. त्याला सातने गुणलं तरी ते अगदी थोडंच राहतं. वारशाने येते ती फक्त थोडी प्रवणता. जॅक-टूच्या आसपासच्या डीएनएची एक विशिष्ट मांडणी असते, ती असणाऱ्यांत ही चूक व्हायचा संभव जरा जास्त. ती मांडणी इतकी सर्रास आढळते की तुमच्या लोकलच्या डब्यात ती असणारे कितीतरी लोक उभे असतील, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना आयुष्यात काही होणार नाही. अगदी मोजक्या घराण्यांत जॅक-टूचे वेगळे बदल जन्मजात चालत आलेले आहेत. पण ते व्ही ६१७ एफ नव्हेत, आणि त्या घरांत कमी वयात, एकाहून अधिक माणसांत पेशी वाढलेल्या दिसतात. तुमच्या काका-आत्यांमध्ये कुणाला असं काही असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा. मग माझं उत्तर बदलेल.

तसं काही नसेल तर तुम्ही आणि बहिणीने जॅक-टूची तपासणी करू नका. साधा सीबीसी करा, तोही करायचाच असेल तर. यामागे माझा एक जुना अनुभव आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका बाईंच्या रिपोर्टावर नुसतं 'जॅक-टू पॉझिटिव्ह' लिहून सही केली होती, खुलाशाची एक ओळ न घालता. आठवड्याभरात त्यांच्या घरातले नऊजण रक्त द्यायला आले, त्यात चार वर्षांचा नातूही होता. सुई बघून तो जे किंचाळला ते अजून माझ्या कानात आहे. ते सगळं साप समजून भुई धोपटणं होतं आणि काठी मीच त्यांच्या हातात दिली होती. तेव्हापासून आमच्या रिपोर्टाखाली 'हा बदल रक्तपेशींत नंतर झालेला असतो, नातेवाइकांच्या तपासणीची सहसा गरज नसते' असं वाक्य असतं.

तपासणी करून झालं तर बिघडलं काय, असंही विचारतात. बिघडतं. डेन्मार्कमध्ये सुमारे २० हजार सर्वसामान्य लोकांचं रक्त फार संवेदनशील पद्धतीने तपासलं, तेव्हा शंभरातल्या तिघांमध्ये हा बदल अल्प प्रमाणात सापडला. त्यातल्या बहुतेकांना आजार नव्हता. उद्या बहिणीच्या रिपोर्टात ०.१ टक्के आलं तर तिच्यावर उपचार काहीच नाहीत, पण ते कागदाचं भूत तिच्या संसारात कायमचं राहील.

सासरी सांगायचं का, हा वैद्यकीय प्रश्न नाही, पण विचारलाय म्हणून माझं मत देते. बहिणीबद्दल सांगण्यासारखं काही नाहीच, कारण तिला काही झालेलं नाही. वडील आजारी आहेत, अधूनमधून रक्त काढावं लागतं, हे मात्र लपवू नका. लग्नाच्या धावपळीत ते दिसणारच आहे. तपशील विचारला तर 'रक्त दाट होतं, औषध चालू आहे, वारशाने येत नाही' एवढं सरळ सांगा. आडपडदा ठेवला की लोक त्यामागे भलतंच काहीतरी कल्पतात.

हा कॅन्सर आहे का? वर्गीकरणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली या गटाच्या नावातला 'आजार' हा शब्द काढून 'निओप्लाझम', म्हणजे पेशींची बेलगाम वाढ, हा शब्द घातला. पण त्या शब्दावरून जे चित्र मनात येतं ते इथे बहुतेकांना लागू होत नाही. नीट उपचार घेणारे रुग्ण वर्षानुवर्षं कामधंदा करत जगतात. काहीजणांत पुढे मज्जा तंतुमय होते, थोड्यांत ल्युकेमियाकडे वळण लागतं, म्हणून नजर ठेवावी लागते. आजचा खरा धोका गुठळीचा आहे, मेंदूत, हृदयात, पायात किंवा यकृताच्या शिरेत.

रक्त काढण्याचं कारण तेच. २०१३ साली इटलीतल्या ३६५ रुग्णांच्या अभ्यासात पीसीव्ही ४५ च्या खाली ठेवलेले आणि ४५ ते ५० मध्ये ठेवलेले असे दोन गट केले होते. दुसऱ्या गटात हृदयविकाराने मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या मिळून जवळपास चौपट. तेव्हापासून ४५ ही लक्ष्मणरेषा. 'थोडं वर आहे, पुढच्या महिन्यात बघू' असं घरच्या घरी ठरवू नका. वडिलांचं वय साठीच्या पुढे असल्याने ते जास्त जोखमीच्या गटात येतात, म्हणून रक्त काढणं आणि कमी मात्रेची अॅस्पिरिन यांच्या जोडीला हायड्रॉक्सियुरियासारखं पेशींची वाढ रोखणारं औषध सुचवलं जाईल, कदाचित सुरूही झालं असेल. ते चाललं नाही किंवा सोसलं नाही तर रक्सोलिटिनिब आहे, जे थेट जॅक एन्झाइमलाच आवरतं. बिघडलेल्याबरोबर ते चांगल्या जॅक-टूलाही दाबतं, म्हणून त्याने हिमोग्लोबिन घसरू शकतं. उंदराच्या पिल्लांची गोष्ट आठवा. इंटरफेरॉनचाही पर्याय असतो. यातलं काय निवडायचं ते वडिलांची बाकीची दुखणी, खर्च आणि पाणथरीचा (प्लीहेचा) आकार यांवर अवलंबून आहे, ते इथून ठरवता येणार नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या बाकावरची आहे, ती डॉक्टरही कधी विसरतात. गुठळीची चाचणी, म्हणजे पीटी-एपीटीटी, निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये होते. त्यात सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, आधीच मोजून घातलेलं असतं, नेहमीच्या रक्ताच्या हिशेबाने. पीसीव्ही ५५ च्या पुढे गेला की रक्तात पेशींचीच गर्दी, प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) थोडा. तेवढ्या प्लाझ्माला ते सायट्रेट जास्त होतं आणि रक्त उगाच पातळ असल्याचा रिपोर्ट येतो. ट्यूब फिरवून बाहेर काढली की डोळ्यांनीच दिसतं: खाली गडद लाल थर अर्ध्याहून वर आणि माथ्यावर पिवळ्या पाण्याची बोटभरही नाही अशी पट्टी. अशा वेळी आम्ही सायट्रेट कमी करून नवी ट्यूब बनवतो. तेव्हा कुठेही रक्त द्याल तर 'पीसीव्ही जास्त आहे' हे आधी सांगा. प्लेटलेट खूप वाढल्या तर पोटॅशियमही खोटं जास्त दिसू शकतं, कारण ट्यूबमध्ये रक्त गोठताना ते प्लेटलेटमधून बाहेर पडतं.

वडिलांना गरम पाण्याच्या आंघोळीनंतर खाज येते का, ते विचारा. तुम्ही लिहिलं नाहीये. पण या आजारात ते इतकं नेहमीचं आहे की माणसं वर्षभर साबण बदलत राहतात, टँकरच्या पाण्याला शिव्या देतात, आणि कारण असतं जॅक-टू. कोमट पाणी आणि अंग घासण्याऐवजी टिपणं याने थोडा आराम पडतो. मे महिन्यात घामाने पाणी जातं तेव्हा रक्त आणखी दाटतं, त्यामुळे पाण्याची बाटली त्यांच्या हातात हवीच. अचानक बोलणं अडखळलं, एका डोळ्याने दिसेनासं झालं, एक पाय सुजला किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

आता आईचे लाडू. रक्त गेलं की भरून काढायचं, हे आपल्याकडच्या प्रत्येक आईच्या हाडीमाशी आहे, त्यामुळे डॉक्टरांनी ओरडायला नको होतं, समजावायला हवं होतं. हिशेब असा. वडिलांच्या दाट रक्ताच्या ३५० मिलीच्या पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. साध्या जेवणातून अंगाला रोज एक-दोन मिलिग्रॅमच लागतं, म्हणजे ते भरायला काही महिने जातात. डॉक्टरांना हेच हवं असतं. मज्जेतली बेल अजून वाजतेच आहे, फक्त पेशी बनवायला कच्चा माल नाही, म्हणून उत्पादन मंदावतं. फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) कमी आलं म्हणून कुणी लोहाची गोळी किंवा टॉनिक सुरू केलं, तर काही आठवड्यांत पीसीव्ही पुन्हा वर जातो. फार थकवा आला किंवा रात्री पाय तळमळायला लागले तर डॉक्टर यातून वेगळा मार्ग काढतात, पण तो त्यांनीच काढायचा. पालेभाजी, बीट, खजूर रोजच्या जेवणात असतील तर असू द्या, त्यांनी काही होत नाही. 'रक्त वाढवायला' म्हणून मुद्दाम काही नको, आणि गोळी-टॉनिक तर मुळीच नको.

केलेले लाडू फुकट घालवू नका. डबा बहिणीकडे सरकवा, लग्नाच्या धावपळीत ती एरवी धड जेवत नसेल.